कट हुकमाची कुळकथा

रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कारेगावात कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. सुट्टीच्या दुपारी अशाच एका खोलीत मी मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचा डाव बघत बसलो होतो. चौघे चार जिल्ह्यांचे. तिसऱ्याच हाताला डाव अडला. उतारी बदामाची होती, एकाकडे बदाम नव्हता. त्याने किल्वरची दुर्री टाकली आणि हात ओढायला लागला.

"थांब, हुकूम कोणी उघडला?"

"उघडायचा कशाला? कट हुकूम आहे. मी टाकलं तोच हुकूम."

समोरच्याच्या गावी बंद हुकूम खेळतात. तिथे डावाच्या सुरुवातीला एक जण आपल्या हातातले एक पान पालथे ठेवतो, आणि रंग संपलेला खेळाडू मागेल तेव्हा ते उघडते. कट हुकमात पालथे काहीच नसते. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही, त्याने टाकलेले पहिले पान पडता पडताच त्या रंगाला राज्य मिळते. शेवटी पाने गोळा करून पुन्हा पिसावी लागली. उतारीला हुकमाने उत्तर कधी देता येते आणि ते कोणत्या क्षणी लागू होते, एवढ्याच प्रश्नावर चौघे अडले होते.

कोणाचा मान आणि कधी, हा प्रश्न आपल्याकडच्या पत्त्यांना जुनाच आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे दशावतारी गंजिफा घडला आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी तो रंगवला: दहा अवतार, प्रत्येकाची बारा, एकूण १२० गोल पाने. त्यात डाव सुरू कोणी करायचा हे घड्याळावर ठरते. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. सूर्य मावळला की मान बदलतो.

बाकी रंगांवर राज्य करणारा रंग मात्र गंजिफात नाही. ती कल्पना पंधराव्या शतकातल्या युरोपातली. इटलीतल्या 'त्रिओन्फी' नावाच्या विजयी पानांवरून इंग्रजीत 'ट्रम्प' आला, आणि युरोपीय लोकांबरोबर ५२ पानांचा जोड आपल्याकडे आला. आपण त्या सत्तेला अरबी-फारसीतून आलेले नाव दिले, हुकूम. हिंदीत हुकूम म्हणजे सहसा इस्पिक. मराठीत तसे नाही, त्या डावापुरता ज्याचा अंमल तो हुकूम. मला मराठी अर्थ जास्त नेमका वाटतो.

इंग्रजांच्या व्हिस्टमध्ये वाटणाऱ्याचे शेवटचे पान उघडून हुकूम ठरे, ब्रिजमध्ये तो बोलीने ठरतो. दोन्हीकडे पहिली उतारी पडायच्या आधीच सगळे नक्की होते. कट हुकमात ज्याचा रंग आधी संपला, तोच राज्य ठरवतो. आणि तरीही हात लगेच त्याचा होत नाही. मागचा खेळाडूही रंगाला मोकळा असेल तर वरचढ हुकूम टाकून तो कापू शकतो. चौथे पान पडेपर्यंत हात कोणाचाच नाही.

नंतरचे पान आधीचा निकाल उलटवते, हीच गोष्ट १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाच्या 'मॅजिक: द गॅदरिंग'ने फार पुढे नेली. पाने विकत घेऊन, अदलाबदल करून आपापला जोड बांधायचा हा खेळ. समजा, तुमच्या अस्वलाच्या पानाची ताकद दोन, सोसणेही दोन. मी त्याच्यावर 'लायटनिंग बोल्ट' टाकला, तीनचा घाव. तुम्ही उत्तरादाखल 'जायंट ग्रोथ' टाकलात, तीन-तीनची वाढ. तुमचे पान नंतर पडले, पण आधी फळते. अस्वल पाच-पाचचे होते आणि वाचते. आता उलट करा. तुम्ही आधी वाढ टाकलीत आणि मी उत्तरात घाव घातला, तर वाढ पोचायच्या आतच अस्वल मेलेले असते. पाने तीच, फक्त क्रम बदलला.

सुरुवातीला हे नियम फार गुंतागुंतीचे होते. 'इंटरप्ट' नावाची पाने इतर उत्तरांपेक्षा वेगवान मानली जात, आणि एकदा निकाल लागू लागले की मध्ये साधे उत्तर घालता येत नसे. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने इंटरप्ट काढून टाकले आणि 'स्टॅक' आणला. स्टॅक म्हणजे भाकरीची चवड. शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलायची. दोन्ही खेळाडू लागोपाठ "माझं काही नाही" म्हणाले की वरचे एक पान फळते, आणि पुन्हा दोघांना उत्तराची संधी मिळते. माझ्या मते या खेळातली सर्वात मोठी सुधारणा हीच, कारण कोणाचे पान वेगवान यावर वाद घालायची गरजच संपली.

मॅजिकचे संपूर्ण नियम आज दोनशेहून अधिक पानांत लिहिलेले आहेत. मेंढीकोटचे नियम मात्र बहुतेक तोंडी चालतात आणि गावागणिक बदलतात. तुमच्या घरी कट खेळतात की बंद, हुकूम मागितल्यावर तो टाकायलाच हवा का, चारही दश्श्या एकाच बाजूला आल्या तर पुढे काय, हे थोरल्या माणसांना विचारा आणि तारीख, गाव घालून लिहून ठेवा.