मृत्युसूचक स्वर : बॅन्शी, टिटवी व शिवा

कागल व हातकणंगले तालुक्यांच्या ज्या माळावर आज पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे, त्याच्या मोकळ्या कडेला रात्रीं टिटवी ओरडली म्हणजे वृद्ध मंडळी अद्यापि म्हणतात, 'कोणाचे तरी दिवस भरले.' ह्यावरून आम्हांस आयर्लंडच्या बॅन्शीचें स्मरण होतें. बॅन्शी म्हणजे अद्भुतयोनींच्या टेकाडांतील स्त्री. ती जुन्या घराण्यांशीं बांधलेली असून घरांत मृत्यु व्हावयाचा असतां आधींच येऊन विलाप करते.

टिटवीस घराणें ठाऊक नाहीं. ती उघड्या जमिनीवर अंडीं घालते व कोणी जवळ आलें कीं दिवसरात्र न पाहतां ओरडते. रुग्णाच्या उशाशीं जागणाऱ्यांस ती ऐकूं येते, इतकेंच. आमचे वडील अत्यवस्थ असतां ती सलग तीन रात्रीं ओरडली. वडील पुढें नऊ वर्षें जगले.

ऋग्वेदाच्या १० व्या मंडलांतील १६५ व्या सूक्तांत कपोत हा निर्ऋतीचा दूत म्हणून येतो. परंतु ऋषि विलाप करीत नाहीं. उलूकाचें बोलणें व्यर्थ होवो असें म्हणून दूत धाडणाऱ्या यमास वंदन करतो. बॅन्शीचें खरें साम्य आम्हांस 'शिवा' म्हणजे कोल्ही हिच्याशीं दिसतें. तिच्या ओरडण्यावर वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. तरीही शिवा भाकीत सांगते, शोक करीत नाहीं.

शिल्पांत हा स्वर मुका होतो. वेरूळच्या १४ व्या लेण्यांतील मातृकापट्टांत उलूक हा चामुंडेचें चिन्ह होऊन निमूट बसला आहे. डब्लिनच्या मुख्य टपालकचेरींत ऑलिव्हर शेपर्ड ह्यांचा १९११ सालचा मरणोन्मुख कूखुलिनचा पुतळा आहे. त्याच्या खांद्यावरील पक्षी मृत्यु झाल्याची खूण आहे, पूर्वसूचना नव्हे.

म्हणून वीरगळावर वीराच्या दोहों बाजूंस असलेल्या स्त्रियांस एका संग्राहकांनीं आपल्या यादींत 'मृत्युसूचक देवता' म्हटलें, तें आम्हांस मान्य नाहीं. वीरगळ खालून वर वाचावयाचा : युद्ध, मग वीरास वर नेणाऱ्या अप्सरा, शेवटीं लिंगपूजा. त्या मरणानंतर येतात. एकदां यादींत शिरलेलें असें नांव पुढील दहा लेखांत जातें.

पोथ्यांची गोष्ट निराळी. शकुनाच्या बाडांतून मरणाचें प्रकरण 'घरांत नको' म्हणून फाडलेलें आम्हीं दोनदां पाहिलें आहे. अशीं बाडें त्रुटित म्हणून टाकूं नयेत. काय फाडलें, हें मागील पानाच्या अखेरच्या ओळीवरून पुष्कळदां कळतें.