फरशीखालची वाट

मिरजगावात आपल्या हातांनी घर बांधणाऱ्या मंडळींनो, सांडपाण्याचा प्रश्न आजकालचा नव्हे. सुमारे ४५०० वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत न्हाणीच्या पक्क्या विटांच्या जमिनीला उतार असे. पाणी आपसूक गटारात जाई. गटारावरच्या विटा उचलून गाळही काढता येई. आपल्या नगर शहरात निजामशाहीने सोळाव्या शतकात खापरी नळांनी पाणी आणले, तेही उताराच्याच बळावर.

उतार आपण देतो. पण नळावर काँक्रीट ओतून साफसफाईची वाट बुजवतो! तेव्हा चार इंची नळाला ४० फुटांस १ फूट उतार द्या, वळणावर झाकणाचे चेंबर ठेवा आणि नळात पाणी भरून गळती पाहा. मगच कोबा घाला. नाहीतर पुढे तुंबले, की राहते घर खणावे लागते.