हातचा विसरलात तर काय होतं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात असं तुम्हीच म्हणता, म्हणून यावेळी सगळे आकडे इथे ठेवलेत.

दुसरीत असताना मी 27 + 35 = 52 लिहिलं होतं. हातचा विसरलो, लाल फुली मिळाली. बी.टेक. होऊन, चार-पाच वर्षं कोड लिहून झाल्यावर कळलं की ते उत्तर अगदीच चूक नव्हतं. ते दुसऱ्या ग्रुपमधलं होतं.

बघा, 00 ते 99 एवढेच आकडे घ्या, 99 नंतर पुन्हा 00. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं. आता बेरीज दोन प्रकारे करता येते. हातचा सोडून दिला तर दशक आणि एकक एकमेकांकडे बघतही नाहीत. दोघांचे दोन स्वतंत्र सबग्रुप होतात आणि अख्खा ग्रुप त्या दोघांत सरळ फुटतो. हातचा घेतला तर 00, 10, 20 … 90 हा सबग्रुप टिकतो, पण एककाचा मोडतो. 7 + 8 केलं की घराबाहेर पडलात.

मग एककांसाठी वेगळे, जरा हुशार प्रतिनिधी निवडले तर? नाही जमत. शेवटी 1 असलेला कुठलाही आकडा घ्या, 01, 11, 21, अगदी 91. तो स्वतःतच मिळवत जा, म्हणजे दहा वेळा घ्या. उत्तर कायम 10. 00 कधीच येत नाही. सुटे भाग तेच, जोडणी वेगळी, म्हणून यंत्रच वेगळं.

सुटे भाग माहीत असतील तर त्यांच्यापासून किती ग्रुप बनतात, हा प्रश्न ओटो होल्डरने 1893 मध्ये हाताळला. 1926 मध्ये हॅम्बुर्गच्या ओटो श्रायरने त्याची पद्धतशीर मांडणी केली: जोडणी म्हणजे एक तक्ता, कुठल्या जोडीला किती हातचा. पण कुठलाही तक्ता चालत नाही. 7, 8, 6 मिळवा. आधी 7 + 8, मग 6: हातचे दोन. आधी 8 + 6, मग 7: तरीही दोनच. क्रम बदलला तरी एकूण हातचा तोच यायला हवा, एवढी एकच अट. आपल्या मीटरसाठी अशा खऱ्या अर्थाने वेगळ्या जोडण्या दहाच निघतात. 1929 मध्ये श्रायर रक्तातल्या संसर्गाने गेला. वय 28. माझंही आत्ता तेवढंच आहे, आणि मी दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधतो.

आता 1941, अमेरिकेतलं अ‍ॅन आर्बर. सॉन्डर्स मॅक लेन तिथे याच जोडण्यांवर व्याख्यानं देत होता. श्रोत्यांमध्ये सॅम्युएल आयलेनबर्ग, वॉर्सॉचा ज्यू मुलगा, युद्ध पेटायच्या थोडं आधी 1939 मध्ये पोलंड सोडून आलेला. मॅक लेनने एक उदाहरण सोडवलं आणि आयलेनबर्ग चमकला: हेच उत्तर टोपॉलॉजीत सॉलेनॉइडसाठी येतं! सॉलेनॉइड म्हणजे नळीत गुंडाळलेली नळी, तिच्यात आणखी एक, असं अनंतापर्यंत. हातच्याचा आणि नळीचा काय संबंध? दोघं रात्रभर बसले. 1942 मध्ये पेपर आला.

संबंध मला असा समजला. वरच्या अटीत हातचे चार वेळा येतात: एका क्रमात दोन, दुसऱ्या क्रमात दोन. चतुष्फलकाला, म्हणजे त्रिकोणांच्या पिरॅमिडला, बाजूही चारच. प्रत्येक हातचा एका त्रिकोणावर लिहा, आणि श्रायरची अट म्हणजे आकारांमधली पोकळी मोजणाऱ्या कोहोमॉलॉजीचंच समीकरण. त्या कोहोमॉलॉजीत हातच्यांचा तक्ता शून्य ठरला तर ग्रुप सबग्रुपांत सरळ फुटतो, नाहीतर अडकतो. (पहिल्यांदा हे कागदावर काढलं तेव्हा मी जेवण विसरलो होतो. अतिशयोक्ती नाही.)

पण युद्ध चालू होतं. हे दोघं न्यूयॉर्कमध्ये लष्करासाठी विमानातल्या तोफांच्या नेमबाजीचं गणित करत होते आणि ग्रुपचं काम उरलेल्या वेळात. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये हाइन्त्स हॉप्फ आणि बेनो एकमान, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये ज्यू म्हणून विद्यापीठातून दूर केलेला हान्स फ्रॉयडेन्थाल. एकमेकांचं काम सहज पोचायचा रस्ताच उरला नव्हता. त्यामुळे ग्रुपची कोहोमॉलॉजी तीन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार होत गेली, आणि युद्ध संपल्यावर पेपर हातात पडले तेव्हा कळलं की सगळे एकच गोष्ट लिहीत होते.

घरी करून बघायला एक गंमत: हातचा 1 ऐवजी 3 घ्या. 27 + 35 चं उत्तर 82 येईल. तरी हा ग्रुप फुटत नाही. 01 दहा वेळा मिळवून बघा, कुठे पोचता ते कमेंटमध्ये लिहा.