घरचा इतिहास व शाळेचा इतिहास

इतिहासाचा पहिला धडा मूल शाळेंत शिकत नाहीं. तें तो घरीं शिकतें. आजी ओसरीवर बसून जें सांगते, वडील जेवतांना ज्या नांवांचा उच्चार आदरानें करतात, भिंतीवर ज्यांच्या तसबिरी असतात, त्यांवरून आपण कोण व कोठले, हें मूल ठरवून टाकतें. शाळेंतील पुस्तक त्यानंतर हातीं येतें. बहुतेक घरांत या दोन इतिहासांत फारसें अंतर नसतें, म्हणून त्याचा विचारही कोणी करीत नाहीं. परंतु कोल्हापुराकडील कॅथलिक कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. तेथें शाळेंतून पन्हाळा, ताराबाई व शाहू महाराज घरीं येतात, आणि घरांत आब्राहाम, मोशे व संत फ्रान्सिस झेवियर हे आधींच येऊन बसलेले असतात. या पाहुण्यांची गांठ कोणी व कशी घालून द्यावयाची, हा प्रश्न आईबापांपुढें पडतो.

आजरा, गडहिंग्लज व चंदगड या भागांत गोव्याकडून घाट चढून आलेलीं कॅथलिक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. घरांत कोंकणी व बाजारांत मराठी, असा त्यांचा रिवाज. त्यांचे पूर्वज गोवें सोडून कां आले, याचीं कारणें अनेक सांगतात: कर, साथी, लढाया, आणि १५६० सालीं गोव्यांत बसलेल्या इन्क्विझिशनचा जाच. घाटावर त्यांनीं जमिनी कसल्या त्या हिंदू राजवटींच्या आश्रयानें. आजरें तर इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरींतील महाल होता. तेव्हां ख्रिस्ती सत्तेच्या प्रदेशांतून निघून मराठ्यांच्या मुलुखांत स्थिरावलेल्या या लोकांच्या मुलांस एकच एक बाजूचा इतिहास शिकविणें, म्हणजे त्यांस त्यांचाच अर्धा इतिहास न शिकविणें होय.

घरांत धर्माचा इतिहास मराठींत सांगण्याची परंपरा मात्र या लोकांत नवी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेसुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें छापून निघालें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापूर्वीची कथा, व दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. या ग्रंथाचा उपोद्घात मोठा मार्मिक आहे. साष्टींतील देवळांत मुलांस धर्मतत्त्वें शिकविलीं जात असतां एक ब्राह्मण पाद्रीगुरूस म्हणतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण कां देत नाहीं? प्रश्नोत्तरांच्या घोकंपट्टीनें मन भरत नाहीं, मनास कथा लागते, हें त्या माणसानें ओळखलें होतें. फादर स्टीफन्स यांनीं तें मान्य केलें, आणि साहेबाच्या देशांतून आलेल्या या माणसानें मराठीची थोरवी गात तिच्याच ओवींत ती कथा सांगितली. हा ग्रंथ पुढें देवळांतून व घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. कॅथलिक आईबापांस इतिहास कसा सांगावा याचा वस्तुपाठ हवा असेल, तर तो येथें आहे: मुलाच्या स्वतःच्या भाषेंत, त्याच्या कानांस ओळखीच्या चालींत, व आरंभापासून शेवटपर्यंत एका सूत्रांत.

येथपर्यंत वाट सरळ आहे. अडचण पुढें येते. १६८३ सालची हकीकत घ्या. त्या वर्षीं आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्को द ताव्होरा हा गोव्याचा व्हाइसरॉय फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला व मार खाऊन परतला. संभाजी महाराजांनीं जुवें बेट घेतलें. डिसेंबरांत त्यांच्या फौजा साष्टी व बारदेशांत शिरल्या. गोवें जातें असें दिसूं लागलें, तेव्हां व्हाइसरॉयानें जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडविली व आपला अधिकारदंड संताच्या पायांशीं ठेवला. लवकरच मराठे परतले. शाळेंतील मूल ही स्वारी संभाजी महाराजांचा पराक्रम म्हणून शिकतें. घरीं तीच गोष्ट संताची कृपा म्हणून ऐकतें. मग तें विचारतें, ‘बाबा, आपण कोणाच्या बाजूचे?’

या प्रश्नावर रागावणारा बाप शिक्षक होण्यास पात्र नाहीं. त्यानें शांतपणें सांगावें कीं, बाळ, दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. लोकांनीं भयानें प्रार्थना केली हें खरें. मोगल शाहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोंकणांत उतरत होता, म्हणून मराठ्यांस मागें फिरावें लागलें, हेंही खरें. देव आपलें काम मोगलाच्या घोड्यावरूनही करवून घेऊं शकतो, असें श्रद्धावंतानें मानावें. परंतु तेवढ्यासाठीं घोडा नव्हताच असें म्हणूं नये. आणि आणखी एक गोष्ट त्यानें अवश्य सांगावी. संताच्या पायांशीं दंड ठेवणाऱ्या याच व्हाइसरॉयानें पुढील जूनमध्यें, १६८४ सालीं, हुकूम काढला कीं गोव्याच्या लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या बोलीनें त्या घरांतील आया प्रार्थना शिकवीत होत्या, तीच त्यास नकोशी झाली. भाषा टिकली ती राजाच्या धर्मामुळें नव्हे, तर आयांच्या मुखामुळें. ‘आपण कोणाच्या बाजूचे’ याचें खरें उत्तर कदाचित् येथेंच आहे.

याहून कठीण धडा कुंकळ्ळीचा. २५ जुलै १५८३ रोजीं तेथील गांवकऱ्यांनीं रोदोल्फो आक्वाविवा व त्यांचे चार जेसुइट सोबती यांस ठार केलें. आक्वाविवा हे अकबराच्या दरबारीं राहून आलेले विद्वान् व सौम्य वृत्तीचे पुरुष होते. त्यांचे देह परत आणण्याचें काम फादर स्टीफन्स यांजकडे आलें, व त्यांनीं ही दुःखद वार्ता आपल्या भावास पत्रानें कळविली. पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ सालीं या पांच जणांस ‘धन्य’ म्हणून घोषित केलें. हा भाग कॅथलिक घरांत सांगतात, आणि सांगावाच. परंतु पोर्तुगीज फौजेनें त्या भागांतील देवळें आधींच पाडलीं होतीं, व हत्येनंतर गांवच्या प्रमुखांस बोलण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून चौकशीवांचून मारलें, हा भाग किती घरांत सांगतात? पहिला अर्धा सांगून दुसरा गाळला, तर मुलास हुतात्म्याचें धैर्य समजत नाहीं, केवळ शेजाऱ्याविषयींचा राग समजतो.

कित्येक म्हणतील कीं, कोंवळ्या वयांत असें सांगितल्यानें श्रद्धा डळमळेल. आमचा अनुभव उलट आहे. घरीं लपविलेली गोष्ट मूल पुढें बाहेर ऐकतें, आणि तीही बहुधा शत्रुत्वानें सांगितलेली. मग तें त्या एका गोष्टीवरच नव्हे, तर आईबापांनीं सांगितलेल्या सर्वच गोष्टींवर संशय घेतें. शिवाय सत्य सांगणें ही धर्माचीच आज्ञा आहे. ज्या लिओंनीं कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांस मान दिला, त्यांनींच १८८१ सालीं व्हॅटिकनचें दफ्तर अभ्यासकांस खुलें केलें, आणि १८८३ सालच्या पत्रांत सिसेरोच्या आधारें बजावलें कीं इतिहासकारानें खोटें सांगण्यास धजूं नये व खरें सांगण्यास भिऊं नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तर २००० सालीं रोममध्यें सर्वांसमक्ष चर्चच्या लेंकरांच्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. जें पोपनें जगासमोर कबूल केलें, तें बापानें मुलासमोर कबूल करण्यास लाजावें कशाला?

तात्पर्य, कॅथलिक दृष्टीनें इतिहास शिकविणें म्हणजे आपल्या माणसांचा पक्ष घेणें नव्हे. मनुष्य पापी आहे, त्यांत आपलेही लोक आले. आणि देवाची दया कोणा एका जातीची वा राज्याची मिरास नाहीं, ही ती दृष्टि. ती ज्या घरांत आहे, तेथलें मूल पन्हाळ्यावर मराठ्यांच्या शौर्यानें उचंबळेल, जुन्या गोव्यांत गुडघे टेकील, व कुंकळ्ळीस गेलें तर दोन्ही बाजूंच्या मृतांसाठीं प्रार्थना करील. त्यास आपल्या शेजाऱ्यापासून कांहीं लपवावें लागणार नाहीं, आणि आपल्या आजीपासूनही नाहीं.