चिंधी, पतंगी कागद आणि वाटीभर खळ

परळ-भोईवाड्याच्या चहूबाजूंनी कापड विणले जात होते. डॉ. आंबेडकर रस्त्यावर टाटा मिल, दादरला गोल्डमोहर, नायगाव क्रॉस रोडला कोहिनूर, पलीकडे वाडियांची स्प्रिंग मिल आणि परळ-लालबागच्या पट्ट्यात इंडिया युनायटेड. भोंगा झाला की एक पाळी आत जायची, दुसरी बाहेर पडायची. अशा ठिकाणी कापडाला काय तोटा, असे कुणालाही वाटेल. पण हेच कापड विणणाऱ्यांच्या घरात वीतभर तुकडासुद्धा टाकला जात नव्हता. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, विरलेल्या पॅन्टची डब्याची पिशवी व्हायची, खणाच्या उरलेल्या कापडातून बाळाची कुंची निघायची आणि कशातच न बसणाऱ्या चिंध्यांची वेणी घालून पायपुसणे तयार व्हायचे.

गिरणगावाचा इतिहास संप, पगार, बोनस आणि जमिनी यांचा म्हणून लिहिला गेला, आणि तो तसा लिहिला जाणे गरजेचेच होते. कामगारांच्या खोल्यांमध्ये सुई, कात्री आणि खळ घेऊन चाललेल्या कामाला मात्र त्यात दोन ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. हे काम फावल्या वेळचा छंद नव्हते. त्यावर घर उभे राहत होते, सण साजरे होत होते आणि पडत्या काळात चूलही पेटत होती.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला गडी आधी एकटाच यायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि खाणावळीत जेवायचा. त्या वळकटीत आईने किंवा बायकोने शिवलेली गोधडी असायची. घाटावरचा माणूस तिला वाकळ म्हणायचा. मुंबईत या हस्तकलेचा शिरकाव झाला तो असा, माणसाच्या काखोटीला येऊन.

बायका-मुले मागाहून आली. पण बऱ्याच बायका स्वतः गिरणीतही होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांमध्ये दर चार-पाच जणांमागे एक बाई असे. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात सुताचे काम करत. बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याने बंदी आली. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यानंतर मालकांनी बायकांना कामावर घेण्यात हात आखडता घेतला. यंत्रे बदलली तशी त्यांची खातीही आक्रसत गेली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गिरणीतल्या बायका अगदी थोड्या उरल्या. तुटलेले सूत क्षणात सांधणारी ती बोटे घरी परतली. चाळीतल्या शिवणकामाकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या सुईमागे गिरणीत कमावलेला हात होता.

भोईवाड्याला लागून नायगावच्या बीडीडी चाळी आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून दोनशेहून अधिक इमारती बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोप, अभ्यास, बाळंतपण आणि पाहुणे, सगळेच. अशा घरातली सजावट टेबलावर किंवा कोपऱ्यात मांडून ठेवता येत नाही. ती खिळ्याला टांगता आली पाहिजे, नाहीतर घडी घालून कपाटावर गेली पाहिजे. म्हणूनच इथल्या वस्तू पाहिल्या तर पडदा, तोरण, पिशवी, गोधडी, कंदील, पताका अशाच दिसतात. जुन्या साडीचा पडदा दिवसा गुंडाळून वर जायचा आणि रात्री खाली सोडला की एका खोलीच्या दोन खोल्या व्हायच्या.

गोधडी शिवायची तर आधी जागा लागायची. ती खोलीत नसल्यामुळे सुट्टीच्या दिवशी दुपारी गच्ची गाठली जायची किंवा सामाईक पॅसेज झाडून घेतला जायचा. धुऊन, कडक वाळवलेले एक अख्खे लुगडे खाली अंथरायचे. त्यावर फाटके धोतर, सदऱ्यांचे पाठीचे भाग, मुलांचे तोकडे झालेले कपडे असे थर द्यायचे. एक जागा जाड आणि दुसरी पातळ होऊ नये, म्हणून तळहाताने चाचपत तुकडे सरकवायचे. वरून दुसरे लुगडे घालायचे, चारही कडा टाचून घ्यायच्या आणि मग धावदोऱ्याचे टाके कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांत आत आत मध्यापर्यंत न्यायचे. चार बाजूंना चार जणी बसल्या तर काम झपाट्याने उरकायचे. आज एकीची, पुढच्या रविवारी दुसरीची, असा हिशेब असायचा. नवशिक्या मुलीला कडेचे सरळ टाके मिळायचे आणि मधला भाग जाणती बाई घ्यायची, कारण तिथे कापडाचा फुगा येतो आणि तो जिरवायला हात लागतो.

जुन्या लुगड्यावर हक्क सांगणारी आणखी एक बाई होती, ती म्हणजे बोहारीण. दुपारी भांड्यांची पाटी घेऊन ती चाळीत शिरली की जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा किंवा पातेले मिळायचे. कुठले लुगडे भांड्याला द्यायचे आणि कुठले गोधडीला ठेवायचे, याचा निर्णय कापडाचा पोत बघून व्हायचा. जरीकाठाचे आणि टिकाऊ असेल ते बोहारणीकडे जायचे. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घरातच राहायचे, कारण तान्ह्या बाळाच्या दुपट्याला आणि झबल्याला त्याच्यासारखे कापड नाही.

अंगावर किंवा हातात वागवायच्या वस्तूही याच पसाऱ्यातून निघत. पान-तंबाखू खाणाऱ्यासाठी कापडाची चंची असायची. तिच्या पोटात कप्प्यावर कप्पे असत, सुपारी, चुना, कात, तंबाखू यांना वेगवेगळी जागा असे आणि वर गुंडाळायला नाडी. बायकांचा बटवा खणाच्या तुकड्याचा असायचा. जेवणाच्या डब्याची पिशवी तर प्रत्येक घरी होतीच. तिचा तळ दुहेरी आणि बंद चांगले रुंद शिवावे लागत, कारण तिला रोज डब्याचे वजन पेलायचे असे आणि दर आठवड्याला धुणे सोसायचे असे.

कापडाचे काम बारमाही होते, तर कागदाचे काम सणावारी. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे ती लाट गिरणगावात आली. चिंचपोकळीच्या मंडळाची स्थापना १९२० ची, लालबागच्या गणेश गल्लीची १९२८ ची आणि लालबागच्या राजाची १९३४ ची. आज या मंडळांची सजावट कसबी कलादिग्दर्शक करतात. चाळीतल्या उत्सवाची सजावट मात्र दीर्घकाळ पोराटोरांच्या हातात होती. वर्गणीतून रंगीत कागदाचे ताव यायचे. त्रिकोणी पताका कापून सुतळीवर दुमडून चिकटवायच्या, क्रेप कागदाला पीळ देऊन झालरी करायच्या, पुठ्ठ्याच्या मखराला बेगड लावायची, अशी कामे वयाप्रमाणे वाटली जायची.

या सगळ्याला चिकटवायला एकच वस्तू लागायची, खळ. मैदा किंवा कणीक थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढुरका रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. उंदीर-झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून काही जण त्यात चिमूटभर मोरचूद टाकत. गिरणीतही खळ होतीच. साच्यावर (यंत्रमागावर) चढवण्याआधी ताण्याच्या सुताला सायझिंग खात्यात खळ दिली जाते, म्हणजे विणताना ते तुटत नाही. दिवसभर त्या खात्यात राबणाऱ्या माणसाला घरच्या स्टोव्हवरची खळ पातळ झाली की दाट, हे नुसत्या नजरेने कळत असे.

या कारागिरीचा कस लागायचा तो आकाशकंदिलात. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या तासून, दोऱ्याने बांधून षटकोनी सांगाडा करायचा. एक जरी कामटी जास्त लांब झाली तरी कंदील टांगल्यावर कलतो. सांगाड्याला खळ लावून पतंगी कागद चढवायचा. ओला असताना तो सुरकुततो आणि नवखा माणूस घाबरून ओढायला जातो, तिथेच कागद फाटतो. हात न लावता वाळू दिला तर तो आपोआप ताणून बसतो. मग सांध्यांवर कातरलेल्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. आत कमी वॅटचा दिवा सोडायचा आणि तळ उघडा ठेवायचा, म्हणजे उष्णता कोंडत नाही. माहीमची कंदील गल्ली, दादर आणि लालबाग इथे तयार कंदील मिळत होतेच. तरीही चाळीचा मोठा कंदील चाळीतच बांधायचा, ही रीत अनेक ठिकाणी पाळली गेली आणि काही ठिकाणी ती आजही आहे.

लग्नाच्या रुखवतात या कामाला प्रदर्शनाचे रूप यायचे. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, पुठ्ठ्याचे तुळशीवृंदावन, कागदी फुलांच्या परड्या, जरीने मढवलेल्या सप्तपदीच्या सुपाऱ्या, हे सगळे मुलीने, तिच्या बहिणींनी आणि शेजारणींनी मिळून केलेले असायचे. संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी हलव्याचे दागिने व्हायचे. काटेदार हलवा दोऱ्यात ओवून, सोनेरी कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर बसवून मुकुट, बाजूबंद, हार आणि बाळकृष्णाची बासरी घडायची. सोन्याचे दागिने गहाण पडलेल्या घरातही संक्रांतीच्या दिवशी सुनेचा गळा भरलेला दिसे.

ही विद्या फक्त आईकडून मुलीकडे गेली, असे नाही. त्यामागे संस्थांचे कष्टही आहेत. मुंबईत १९०८ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने गावदेवीत स्त्रियांना शिवण आणि भरतकाम शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालये नेली. परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगच्या आवारातले. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि त्यातून चाललेल्या कामगार कल्याण केंद्रांच्या शिवणवर्गांत कामगारांच्या घरातल्या असंख्य बायका पहिल्यांदा मशीनवर बसल्या. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. त्यानंतर पुठ्ठ्याच्या फाइली, कागदी फुले आणि बटण लावणे हे मुलींबरोबर मुलांच्याही वाट्याला आले.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले बरेच जण पुन्हा आपल्या साच्यावर परतलेच नाहीत. पगार बंद झाल्यावर घरातल्या सुईला बाजारात जावे लागले. कुणी हिंदमाता आणि दादरच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावू लागली, कुणी कपड्यांच्या कारखान्याची काज-बटणे आणि धागे तोडण्याचे काम घरी आणले, कुणी रद्दीच्या पिशव्या करून वाण्याला शेकड्यावर विकल्या. गोधडी शिवताना या हातांना कुणी घाई करत नव्हते. आता नगावर पैसे मिळू लागले आणि तेही थोडे. घरबसल्या केलेल्या या कामाच्या जोरावर या बायकांनी मुलांची शिक्षणे पार पाडली, हे गिरणगावाच्या संपाच्या इतिहासात ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.

त्याच सुमाराला थर्माकोल आणि प्लास्टिक घरोघर पोहोचले. मखर विकत मिळू लागले, कंदील घडीचा झाला आणि डब्याची पिशवी नायलॉनची झाली. २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेली गटारे पाहिल्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न मुंबईकरांच्या ध्यानात आला आणि २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. लालबाग-परळच्या वर्तुळातले कलावंत नानासाहेब शेंडकर यांनी पुठ्ठ्याची घडीची मखरे त्याआधीच लोकांपुढे ठेवली होती. बंदीनंतर त्यांच्यासारख्यांचे महत्त्व सगळ्यांना पटले. चाळीतल्या जुन्या माणसांना त्यात नवे काही वाटले नाही, कारण पुठ्ठा, कागद आणि खळ हेच त्यांचे पहिल्यापासूनचे साहित्य.

आता नायगावच्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि १६० चौरस फुटांच्या खोलीतले कुटुंब ५०० चौरस फुटांच्या घरात जाणार आहे. हा त्यांचा हक्कच आहे. पण घर बदलताना पहिली अडगळ ठरते ती जुनी गोधडी, पत्र्याच्या पेटीतली कुंची आणि माळ्यावरचा कंदिलाचा सांगाडा. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय आकाराला येत आहे. तिथे साचे आणि चात्या असतीलच. त्यांच्या शेजारी त्याच कापडाची घरात शिवलेली गोधडी आणि डब्याची पिशवीही असायला हवी. भोईवाडा-नायगावच्या कुटुंबांनी सामान बांधण्याआधी अशा वस्तू बाजूला काढाव्यात, कुणी शिवली, कोणत्या साली, कुणाच्या लुगड्याची, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी त्या वस्तूला टाचून ठेवावी.