चार्ल्स शॉ (वाइन)

चार्ल्स शॉ हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तयार होणाऱ्या एका अल्पमोली वाइनचे व्यापारी नाव आहे. अमेरिकेत ही वाइन केवळ ट्रेडर जोज या किराणा दुकानांच्या साखळीत मिळते. २००२ साली ती प्रथम विक्रीस आली तेव्हा कॅलिफोर्नियातील दुकानांत ७५० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत १.९९ डॉलर होती. त्यावरून तिला 'टू बक चक' हे टोपणनाव पडले. अमेरिकी बोलीत डॉलरला 'बक' म्हणतात आणि 'चक' हे चार्ल्स या नावाचे लाडके रूप आहे. आज मूळ नावापेक्षा हे टोपणनावच अधिक रूढ आहे.

ही वाइन सर्वसाधारणपणे 'दुकानाची स्वतःची वाइन' म्हणून ओळखली जाते. परंतु हे वर्णन काटेकोर नाही. चार्ल्स शॉ या नावाची मालकी दुकानाकडे नसून सेरेस गावच्या ब्रॉन्को वाइन कंपनीकडे राहिली. दुकानाकडे होता तो केवळ विक्रीचा एकाधिकार. बाटलीवर मात्र ब्रॉन्कोचे नाव ठळकपणे कोठेही नसते.

नावाचा इतिहास

चार्ल्स एफ. शॉ ही काल्पनिक व्यक्ती नाही. बँक व्यवसायातून आलेल्या या गृहस्थांनी १९७४ साली नापा खोऱ्यात स्वतःच्या नावाची वाइनरी काढली. फ्रान्समधील बोजोले प्रांतात गामे जातीच्या द्राक्षांपासून हलकी, ताजी लाल वाइन करतात. तशी वाइन कॅलिफोर्नियात करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. नापातील इतर उत्पादक त्या काळात काबर्ने सोव्हिन्यों आणि शार्दोने यांच्या मागे असल्याने हा मार्ग वेगळा होता आणि तो यशस्वी झाला नाही. घटस्फोट आणि आर्थिक अडचणी यांमुळे वाइनरी दिवाळखोरीत गेली. तिचे नाव आणि लेबल ब्रॉन्को कंपनीने विकत घेतले. या व्यवहाराची रक्कम सुमारे २७,००० डॉलर असल्याचे सांगितले जाते. बुडालेल्या वाइनरींची नावे स्वस्तात घेऊन ठेवणे हा ब्रॉन्कोच्या व्यवसायाचाच भाग होता. चार्ल्स शॉ यांचा त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या वाइनशी पुढे कोणताही संबंध उरला नाही आणि तिच्या विक्रीतून त्यांना काही मिळतही नाही.

फ्रेड फ्रान्झिया आणि ब्रॉन्को

ब्रॉन्को वाइन कंपनीची स्थापना १९७३ साली फ्रेड फ्रान्झिया, त्यांचे बंधू जोसेफ आणि चुलतबंधू जॉन यांनी केली. फ्रान्झिया कुटुंबाची जुनी वाइनरी त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या कोका-कोला बॉटलिंग कंपनीला विकली गेली होती. तिच्याबरोबर कुटुंबाचे नावही गेले. त्यामुळे खोक्यातून विकली जाणारी 'फ्रान्झिया' वाइन आणि फ्रेड फ्रान्झिया यांचा संबंध नाही, ही गोष्ट अमेरिकी ग्राहकांनाही बहुधा ठाऊक नसते. कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठ्या वाइन कंपनीचे एक संस्थापक अर्नेस्ट गॅलो हे फ्रेड यांच्या आत्याचे यजमान होते.

वाइनची बाटली दहा डॉलरपेक्षा महाग असण्याचे काही कारण नाही, असे फ्रान्झिया उघडपणे म्हणत. नापातील उत्पादकांना ते अर्थातच रुचत नसे. त्यांची कारकीर्द निष्कलंक नव्हती. १९९३ साली त्यांच्यावर आणि कंपनीवर हलक्या प्रतीची द्राक्षे झिनफँडेलसारख्या महाग जातीची म्हणून विकल्याबद्दल संघराज्य शासनाने आरोप ठेवले. स्वस्त द्राक्षांच्या गाडीवर झिनफँडेलची पाने पसरून माल खपवला जाई, असे या प्रकरणात पुढे आले. कंपनीने २५ लाख डॉलर आणि फ्रान्झिया यांनी व्यक्तिशः ५ लाख डॉलर दंड भरला, तसेच त्यांना पाच वर्षे अध्यक्षपद सोडावे लागले. १३ सप्टेंबर २०२२ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ट्रेडर जोज

या साखळीचे पहिले दुकान जो कूलोम्ब यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे उघडले. शिकलेला परंतु खिशाने बेताचा ग्राहक त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता आणि प्रारंभापासून वाइनला दुकानात मोठे स्थान दिले. १९७९ साली ही साखळी जर्मनीच्या थिओ आल्ब्रेख्त यांनी घेतली. ते 'आल्डी नॉर्ड' या सवलतीच्या दुकानांचे मालक होते. अमेरिकेत 'आल्डी' याच नावाने चालणारी दुकाने मात्र 'आल्डी झ्यूड' या दुसऱ्या शाखेची आहेत. ट्रेडर जोजमधील बहुसंख्य वस्तू दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जातात, जिनसांची संख्या मर्यादित असते आणि खरेदी शक्यतो थेट उत्पादकाकडून होते. चार्ल्स शॉ या पद्धतीत सहज बसली.

किमतीचे गणित

दोन डॉलरमध्ये वाइन परवडते कशी, हा प्रश्न या वाइनविषयी सर्वाधिक विचारला गेलेला आहे. तिच्या उत्तरात गूढ फारसे नाही.

पहिले कारण काळाचे. १९९० च्या दशकात अमेरिकेत वाइनची मागणी वाढली आणि कॅलिफोर्नियात प्रचंड प्रमाणावर नव्या द्राक्षबागा लावल्या गेल्या. वेल फळास येईपर्यंत काही वर्षे जातात. या सर्व बागा शतक संपता संपता एकदमच फळास आल्या आणि द्राक्षांचे भाव कोसळले. मध्य खोऱ्यातील कित्येक शेतकऱ्यांनी वेल उपटून टाकले. ज्यांच्याकडे साठवणुकीच्या टाक्या आणि रोख पैसा होता त्यांना तयार वाइन कवडीमोलाने मिळू लागली. ब्रॉन्कोकडे दोन्ही होते. एकाचे मोडलेले पीक दुसऱ्याची स्वस्ताई होते, हे द्राक्षाच्या बाबतीतही खरे ठरले.

दुसरे कारण भूगोलाचे. चार्ल्स शॉची द्राक्षे मुख्यतः सॅन वाकीन खोऱ्यातील असतात. हा प्रदेश सपाट, उष्ण आणि कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा आहे. एकरी उत्पन्न नापाच्या कितीतरी पट येते आणि तोडणी यंत्राने होते. उष्णतेमुळे द्राक्षात साखर भरपूर भरते, परंतु आंबटपणा व सुगंध कमी राहतो. उंची वाइन करणारे या खोऱ्याकडे पाठ फिरवतात ती याच कारणाने.

कॅलिफोर्नियाच्या वाइन व्यवसायात एक जुना ठोकताळा आहे: द्राक्षांचा टनाचा जो दर, त्याचा शंभरावा भाग ही बाटलीची किंमत. दर ४,००० डॉलर असेल तर बाटली ४० डॉलरची, २०० डॉलर असेल तर दोन डॉलरची. अमेरिकी टन सुमारे ९०७ किलोचा असतो आणि त्यातून साधारण ७२० बाटल्या निघतात. म्हणजे २०० डॉलर टन दराने बाटलीत जाणारी द्राक्षे अवघ्या २८ सेंटची होतात. टेबल वाइनवरील संघराज्याचे शुल्क गॅलनला १.०७ डॉलर, म्हणजे बाटलीमागे सुमारे २१ सेंट, आणि कॅलिफोर्नियाचे शुल्क सुमारे ४ सेंट. उरलेल्या रकमेत काच, बूच, लेबल, खोके, वाहतूक, उत्पादकाचा आणि दुकानाचा नफा बसवावा लागतो. दोन डॉलरच्या वाइनमध्ये द्राक्षे आणि सरकार यांचा वाटा जवळपास सारखाच असतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरे कारण कायद्याचे. १९३३ साली दारूबंदी उठल्यावर अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता असे तीन टप्पे सक्तीचे केले. कॅलिफोर्नियात मात्र वाइनरीला दुकानदारास थेट माल विकता येतो. मधल्या अडत्याचा नफा वाचल्यामुळे १.९९ ही किंमत कॅलिफोर्नियापुरती शक्य झाली. इतर राज्यांत हीच बाटली पहिल्यापासून महाग राहिली.

नापा नावाचा वाद

चार्ल्स शॉच्या लेबलवर द्राक्षांचे मूळ 'कॅलिफोर्निया' एवढेच दिलेले असते. राज्याच्या नियमानुसार हे नाव लिहिण्यासाठी सर्व द्राक्षे कॅलिफोर्नियाची असावी लागतात; ती राज्याच्या कोणत्या कोपऱ्यातील, हे सांगण्याचे बंधन नाही. त्याच लेबलवर खाली बारीक अक्षरांत साठवण व बाटलीबंदीचे ठिकाण म्हणून नापाचे नाव येत असे. ब्रॉन्कोने नापा गावाजवळ बाटल्या भरण्याचा प्रचंड कारखाना उभारला होता आणि मध्य खोऱ्यातील वाइन टँकरने तेथे येई. त्यामुळे पत्ता खोटा नव्हता. घाईने वाचणाऱ्याची मात्र समजूत वेगळी होणे स्वाभाविक होते.

नापातील बागाईतदारांचा खरा संघर्ष ब्रॉन्कोच्या 'नापा रिज' यांसारख्या इतर नावांवरून पेटला. १९८६ पूर्वीपासून वापरात असलेल्या नावांना संघराज्याच्या नियमांत सूट होती, म्हणजे नावात नापा असूनही द्राक्षे बाहेरची चालत. कॅलिफोर्नियाने २००० साली कायदा करून ही सूट नापापुरती काढून घेतली आणि अशा वाइनमध्ये किमान ७५ टक्के द्राक्षे नापाचीच असावीत असे ठरवले. ब्रॉन्कोने या कायद्याला आव्हान दिले. २००४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला, आणि २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. फ्रान्झिया यांचे म्हणणे, सामान्य माणसाला महागड्या नावाचा कर का भरायला लावता? बागाईतदारांचे म्हणणे, ते नाव दोन पिढ्यांच्या मेहनतीने मोठे झाले आहे, ते दुसऱ्याच्या मालावर कसे चिकटवता? दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु जमिनीचे नाव हे त्या जमिनीच्या पिकाचेच असावे, हा न्यायालयात टिकलेला विचार अधिक सरळ आहे. 'चार्ल्स शॉ' या नावातच नापा नसल्यामुळे तिला या कायद्याची झळ पोहोचली नाही.

चव, पदके आणि परीक्षक

चार्ल्स शॉ काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, शिराझ, शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां आणि व्हाइट झिनफँडेल या प्रकारांत मिळत आली आहे. समीक्षकांचे मत बहुधा 'निर्दोष पण साधी' असे असते. २००४ साली 'ईस्टर्न इंटरनॅशनल' या स्पर्धेत तिच्या २००२ च्या शिराझला दुहेरी सुवर्णपदक मिळाले. २००७ साली कॅलिफोर्निया राज्य मेळ्याच्या स्पर्धेत २००५ च्या शार्दोनेला राज्यातील सर्वोत्कृष्ट शार्दोने ठरवण्यात आले. परीक्षण बाटली झाकून होते, त्यामुळे किमतीचा प्रभाव पडण्याचा प्रश्न नव्हता.

या निकालाने स्पर्धांविषयीच शंका निर्माण झाल्या. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापक व वाइन उत्पादकांनी याच राज्य मेळ्यातील परीक्षकांची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांसमोर तीन वेळा, त्यांच्या नकळत ठेवण्यात येत असे. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या श्रेणीत बसवणारे परीक्षक सुमारे दहा टक्केच निघाले. म्हणजे पदक मिळाले म्हणून वाइन श्रेष्ठ ठरत नाही. पण मग ४० डॉलरच्या वाइनला मिळालेल्या पदकालाही हेच लागू होते.

शिवाय चार्ल्स शॉ लक्षावधी खोक्यांच्या प्रमाणात, वेगवेगळ्या मिश्रणांतून भरली जाते. त्यामुळे एका महिन्यातील बाटली आणि पुढच्या खेपेची बाटली यांत फरक पडू शकतो. अनुभवी ग्राहक प्रथम एकच बाटली घरी नेतात, ती पसंत पडली तर त्याच खेपेचे खोके घेतात.

मजुरांचा प्रश्न

मे २००८ मध्ये फ्रान्झिया कुटुंबाच्या मालकीच्या एका द्राक्षबागेत काम करणारी १७ वर्षांची स्थलांतरित मजूर मुलगी उष्माघाताने कोसळली आणि दोन दिवसांनी मरण पावली. ती गर्भवती होती. उन्हात काम करणाऱ्यांना सावली आणि पाणी देण्याचा नियम कॅलिफोर्नियात २००५ पासून अस्तित्वात होता; तो पाळला गेला नव्हता. तिला कामावर ठेवणाऱ्या मजूर ठेकेदार कंपनीला दंड झाला. तिच्या जबाबदार व्यक्तींवर खटलेही चालले, परंतु २०११ साली ते तुरुंगवासाशिवाय, समाजसेवेच्या शिक्षेवर मिटले. शेतमजुरांच्या संघटनेने या मृत्यूचा संबंध चार्ल्स शॉशी जोडून ट्रेडर जोजकडे दाद मागितली. बाग मालकाची आणि मजूर ठेकेदाराचे, अशा व्यवस्थेत उत्तरदायित्व कोणाकडे राहते, हा प्रश्न त्यानिमित्ताने चर्चेत आला. दोन डॉलरच्या किमतीचे गणित मांडताना हा खर्च सहसा कोणी धरत नाही.

आर्सेनिकविषयक दावा

मार्च २०१५ मध्ये अनेक स्वस्त वाइनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असल्याचा दावा लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दाखल झाला. त्यात चार्ल्स शॉच्या व्हाइट झिनफँडेलचे नाव होते. पाण्यासाठीची मर्यादा वाइनला लावण्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, कारण वाइन पाण्याइतकी प्यायली जात नाही. २०१६ साली न्यायालयाने दावा फेटाळला आणि २०१८ साली अपिलातही तो टिकला नाही.

आख्यायिका

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानांत बूच काढण्याच्या मळसूत्रावर बंदी आली, म्हणून विमान कंपन्यांनी साठा फुंकून टाकला आणि तीच ही वाइन, अशी एक कथा सुरुवातीच्या काळात पसरली होती. घटस्फोटित पत्नीचा सूड म्हणून चार्ल्स शॉ यांनी स्वतःच वाइन मातीमोल विकली, अशी दुसरी. दोन्ही निराधार आहेत.

किंमत आणि उपलब्धता

जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील किंमत प्रथमच वाढून २.४९ डॉलर झाली. काही राज्यांत किराणा दुकानांना वाइन विकण्याची मुभा नाही. न्यू यॉर्कमध्ये तर एका मालकाला मद्यविक्रीचे एकच दुकान काढता येते. तेथे ट्रेडर जोजने २००६ साली मॅनहॅटनमधील युनियन स्क्वेअरजवळ केवळ वाइनचे वेगळे दुकान उघडले होते. ते २०२२ साली बंद झाले.

लेबलवरील शब्द

कॉस्टकोची 'कर्कलंड सिग्नेचर' आणि आल्डीची 'विंकिंग आउल' या अमेरिकेतील अशाच प्रकारच्या वाइन होत. त्यांच्या लेबलवरील काही शब्दांना कायद्याने ठरलेला अर्थ आहे. 'निर्मिती व बाटलीबंद' असे लिहिणाऱ्या वाइनरीने किमान ७५ टक्के वाइन स्वतः आंबवून केलेली असावी लागते. 'साठवण व बाटलीबंद' या शब्दांना अशी अट नाही, म्हणजे वाइन दुसऱ्याची असू शकते. द्राक्षाच्या जातीचे नाव दिल्यास त्या जातीची किमान ७५ टक्के द्राक्षे हवीत. जिल्ह्याचे नाव दिल्यास तेथील ७५ टक्के आणि नापा व्हॅलीसारख्या नोंदणीकृत द्राक्षप्रदेशाचे नाव दिल्यास ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातील असणे आवश्यक असते. 'रिझर्व्ह' या शब्दाला मात्र अमेरिकी कायद्यात कोणताही अर्थ नाही.