छातीतली गाठ
पुरुषांच्या मॅमोग्राफीची ओळख : प्रस्तावना

मराठीत छाती हा धैर्याचा शब्द आहे. अवघड कामाला छाती लागते, खरं बोलणारा छातीठोकपणे बोलतो, कच खाणाऱ्याची छाती होत नाही. पुरुषाला हा शब्द सहज शोभतो. ‘स्तन’ मात्र आपण बाईकडेच ठेवला. म्हणून साठीच्या गृहस्थाला बोंडाच्या मागे काही टणक लागलं, की तो ‘छातीत गाठ आहे’ एवढंच म्हणतो आणि स्नायू, मुका मार, वाढलेली चरबी असे तर्क करत महिने घालवतो. ज्या अवयवाचं नाव आपण स्वतःसाठी कधी उच्चारलं नाही, त्याची तपासणी मागायची तरी कशी? या पुस्तिकेतली पहिली गोष्ट म्हणूनच अगदी साधी आहे : स्तन पुरुषालाही असतो.

वयात येईपर्यंत मुलाचा आणि मुलीचा स्तन जवळजवळ सारखाच असतो. पुढे मुलीच्या स्तनातल्या नलिका फांद्यांसारख्या पसरतात आणि त्यांच्या टोकांशी दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोस येतात. मुलाच्या स्तनाग्रामागे थोड्या आखूड नलिका राहतात, भोवती चरबी. या रचनेतूनच पुढचं सगळं उलगडतं. पुरुषाचा कर्करोग जवळजवळ नेहमी नलिकांतून उगवतो आणि बहुधा स्तनाग्राच्या आसपासच सापडतो. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यात चरबी काळी दिसते, ग्रंथी आणि गाठ पांढरी. तरुण स्त्रीच्या दाट स्तनात पांढऱ्यावर पांढरं शोधावं लागतं. पुरुषाच्या स्तनात काळ्या पाटीवर खडूची रेघ उमटावी तशी गाठ उठून दिसते. ‘एवढ्याशा स्तनाचा मॅमोग्राम कसा काढणार?’ ही शंका सगळेच विचारतात. रेडिओग्राफरला छातीच्या स्नायूपुढची थोडकी त्वचा आणि ऊती कौशल्याने ओढून घ्यावी लागते, हे खरं. पण निघालेलं चित्र बोलकं असतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांमधला कर्करोग ओळखण्यात मॅमोग्राफीची संवेदनशीलता ९२ टक्के आढळली, तर कर्करोग नसताना तसं बरोबर सांगण्याचं प्रमाण ९० टक्के.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांची लक्षणं आहेत. ती पाहून आणि चाचपून ओळखायची. गाठ न कापता तिच्या आत पाहण्याची वाट विसाव्या शतकात सापडली. बर्लिनचे शल्यविशारद अल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांच्या एक्स-रे प्रतिमा अभ्यासल्या. उरुग्वेचे राऊल लेबोर्न यांनी स्तन नीट दाबून प्रतिमा घेण्याचा आग्रह धरला आणि कर्करोग ओळखण्यात कॅल्शियमच्या बारीक कणांचं महत्त्व दाखवलं. ही सारी विद्या स्त्रियांसाठी उभी राहिली. पुरुषाला तिचा लाभ झाला, पण तिच्या खोलीत तो अजून पाहुण्यासारखाच शिरतो.

पुरुषाच्या छातीतली गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. ती असते गायनेकोमास्टिया, म्हणजे स्तनग्रंथीची निरुपद्रवी वाढ. नवजात बाळाला, वयात येणाऱ्या मुलाला आणि उतारवयातल्या माणसाला ती जास्त होते. यकृताचा सिरॉसिस, थायरॉइडचा अतिरेक, अंडकोषाचा ट्यूमर, व्यायामशाळेत घेतलेली स्टेरॉइड्स, स्पायरोनोलॅक्टोन किंवा प्रोस्टेटसाठीची फिनास्टराइड अशी औषधं, यांपैकी काहीही तिच्या मुळाशी असू शकतं. म्हणून जाणता डॉक्टर छाती तपासता तपासता गोळ्यांची पिशवीही मागतो. प्रतिमेत ही वाढ स्तनाग्राच्या बरोबर मागे पंख्यासारखी पसरते. वर्ष उलटून ती तंतुमय झाली, की ज्योतीसारखी किंवा फांद्यांसारखी दिसते. कर्करोगाची गाठ बहुधा स्तनाग्राच्या मध्यापासून बाजूला सरकलेली असते, कडा काटेरी असतात, कधी त्वचा किंवा बोंड आत ओढलेलं असतं. मध्य की बाजू, मऊ कड की काटेरी : या विद्येचा निम्मा अभ्यास या दोन प्रश्नांत आहे. हाताला ठरावीक गायनेकोमास्टिया लागत असेल, तर प्रतिमेचीही गरज नसते. शंका असेल तर पंचविशीच्या आत आधी सोनोग्राफी, त्यापुढे मॅमोग्राफी, जोडीला गरजेप्रमाणे सोनोग्राफी. चित्र संशयास्पद असेल, तर शेवटचा शब्द बायॉप्सीचा.

मी हे वुडलँड्समध्ये बसून लिहितो आहे. सिंगापूरचं हे उत्तरेचं टोक. पलीकडे मलेशियातलं जोहोर बाहरू दिसतं आणि १९२४ पासूनचा कॉजवे दोन्ही काठ जोडतो. इथे पॉलिक्लिनिक हाताशी आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून वुडलँड्सचं स्वतःचं मोठं रुग्णालय टप्प्याटप्प्याने उघडलं. २००२ साली सुरू झालेल्या स्तनतपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राम काढावा, असं सांगितलं जातं. पुरुषांसाठी असं बोलावणं नाही, आणि ते योग्यच आहे. एकूण स्तनकर्करोगांत पुरुषांचा वाटा सुमारे एक टक्का; इतक्या विरळ रोगासाठी निरोगी माणसांची सरसकट तपासणी केली, तर फायद्यापेक्षा नाहक घोरच जास्त. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. बाईला निरोप येतो. पुरुषाला गाठ लागल्यावर आपल्या पायांनी जावं लागतं. तो उशिरा जातो, म्हणून रोगही अनेकदा उशिरा सापडतो. हे अंतर यंत्र भरून काढत नाही, ओळख भरून काढते.

गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये आपला आजार जाहीर केला. सदऱ्यावर रक्ताचे ठिपके दिसले, मॅमोग्राम झाला, कर्करोग निघाला. पुढे स्तनकर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए२ जनुकातला दोषही आढळला. असा दोष मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे वडिलांनी वेळेवर करून घेतलेली तपासणी लेकीच्याही उपयोगाची ठरते.

पुढच्या प्रकरणांत रचना, प्रतिमा, गाठींचे प्रकार आणि निदानाची वाट या क्रमाने आपण जाऊ. वैद्यकाचा विद्यार्थी असो, रेडिओग्राफर असो, की नुकतीच गाठ लागलेला कुणी वाचक, सर्वांचं इथे स्वागत आहे. शेवटच्या वाचकाला एकच विनंती : पुस्तिका नंतर पुरी करा, आधी डॉक्टरांना दाखवून या. त्यांच्यासमोर ‘माझ्या स्तनात गाठ आहे’ असं सरळ सांगा. त्या वाक्याला छाती लागते, आणि ती तुमच्याकडे आहे.

वुडलँड्स, सिंगापूर